चिखल, बर्फ आणि डिफरन्शियलचे कुलूप

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात, शाळेच्या विज्ञान मेळाव्यासाठी आम्ही चाललो होतो. रात्रभर पाऊस झाला होता. डांबरी सडक सोडून शेवटचे दोन किलोमीटर गाडीवाटेने जायचे होते. जीप चारही चाकांनी ओढणारी, त्यामुळे चालक निर्धास्त होता. अर्ध्या वाटेत डावीकडची चाके कडेच्या काळ्या चिखलात उतरली आणि गाडी थांबली. खाली उतरून पाहतो तर उजवीकडची दोन्ही चाके मुरूम टाकलेल्या घट्ट जमिनीवर होती, पण ती जागची हलत नव्हती. डावीकडची दोन मात्र चिखलात गरगर फिरत होती. चालक जितका जोर देई तितकी ती अधिक फिरत आणि अधिक रुतत.

शेवटी शेजारच्या शेतातला एक तरुण ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधला, ओढायला लागला, तर ट्रॅक्टरचेही एक चाक घसरू लागले. त्याने शांतपणे टाचेजवळचे एक पेडल दाबले. मागची दोन्ही मोठी चाके एकदम बरोबरीने फिरू लागली आणि जीप बाहेर आली.

शाळेत आमचे व्याख्यान ग्रहणांवर होते. पण मुलांना आमच्या उशिराचे कारण कळले होते. नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, जी चाकं चांगल्या जमिनीवर होती, त्यांनाच इंजिननं जोर का नाही दिला?" आम्ही उत्तर दिले, "डिफरन्शियलमुळे." ती खाली बसली, पण आमच्या लक्षात आले की आपण फक्त एक नाव सांगितले, कारण सांगितलेच नाही. ते राहिलेले उत्तर आज देत आहोत.

परभणीत दिसणारी तीन उत्तरे

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते. किती जास्त? दोन चाकांमधले अंतर १.४ मीटर धरू. गाडी काटकोनात वळली, तर बाहेरचे चाक १.४ गुणिले पायभागिले दोन, म्हणजे सुमारे २.२ मीटर जास्त चालते. वळण मोठे असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. (का, ते वर्गात भूमितीच्या तासाला जरूर काढून पाहावे.) दोन्ही चाके एकाच आसावर पक्की बसवली, तर त्यांपैकी एकाला फरफटत जावे लागेल.

ही अडचण माणसाने तीन प्रकारे सोडवली आणि तिन्ही प्रकार परभणी जिल्ह्यात पाहायला मिळतात. पहिला बैलगाडीचा. तिचा आख फिरतच नाही. दोन्ही चाके आखावर आपापली सुटी फिरतात. म्हणून बैलगाडीला वळण्याचा प्रश्नच पडत नाही. पण हे जमते, कारण ओढणारे बैल आहेत. चाकांना कोणी फिरवत नाही. दुसरा प्रकार रेल्वेचा. मनमाडहून येणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातल्या या भागात पोहोचला. तो मीटरगेज होता, १९९० च्या दशकात रुंद झाला. आगगाडीची दोन चाके आसावर घट्ट बसवलेली असतात. पण त्यांचा रुळावर टेकणारा भाग किंचित शंकूसारखा, साधारण वीसास एक इतका उतरता असतो. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला सरकते. बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालते, आणि अंतराचा हिशेब जुळतो. हे पोलादी रुळावर शक्य आहे. मातीच्या वाटेवर नाही.

तिसरा प्रकार जीपचा आणि ट्रॅक्टरचा. इथे चाकांनाच इंजिनचा जोर द्यायचा आहे आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे आहे. त्यासाठीच डिफरन्शियल.

घड्याळजींची देणगी

गंमत अशी की ही यंत्रणा गाड्यांसाठी जन्मली नाही. १७२० च्या सुमारास लंडनचे घड्याळजी जोसेफ विल्यमसन यांनी तिचा वापर घड्याळात केला होता. सूर्यघड्याळाची वेळ आणि यंत्रघड्याळाची वेळ यांत वर्षभर थोडा बदलता फरक असतो. तो दाखवण्यासाठी दोन गतींची बेरीज करणारी दातेरी चाकांची जुळणी त्यांनी बसवली. पुढे १८२७-२८ मध्ये फ्रान्समधले ओनेसिफोर पेकर यांनी वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले. तेही मूळचे घड्याळजीच.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये हीच कल्पना पायाने चालवायच्या तीनचाकी सायकलीला लावली. मुलाला शेजारी बसवून गाडी चालवताना एकाचा जोर जास्त पडला की ती भलतीकडेच वळे, त्यातून त्यांना ही युक्ती सुचली असे सांगतात. १८८५-८६ मध्ये कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणारी तीनचाकी बनवली, तिच्यातही डिफरन्शियल होते. म्हणजे मोटार जन्मली तीच ही सूट घेऊन.

दोन पट्ट्या आणि एक पेन्सिल

ही यंत्रणा आतून कशी चालते ते समजण्यासाठी गिअर उघडायची गरज नाही. टेबलावर एक फूटपट्टी ठेवा. तिच्यावर आडवी एक गोल पेन्सिल ठेवा. घसरू नये म्हणून तिला रबरबँड गुंडाळा. पेन्सिलीवर दुसरी पट्टी ठेवा. आता खालची पट्टी दाबून धरा आणि पेन्सिलीची टोके सैल धरून ती पाच सेंटिमीटर पुढे सरकवा. वरची पट्टी दहा सेंटिमीटर पुढे गेलेली दिसेल. दोन्ही पट्ट्या मोकळ्या असतील आणि सारख्याच जड असतील, तर तिन्ही वस्तू बरोबर पुढे जातात व पेन्सिल स्वतःभोवती फिरत नाही.

दोन पट्ट्या म्हणजे दोन चाके. पेन्सिल म्हणजे त्यांच्यामधला छोटा गिअर आणि तिला सरकवणारा हात म्हणजे इंजिन. दोन पट्ट्यांच्या गतींची सरासरी नेहमी पेन्सिलीच्या गतीइतकी असते. एक चाक थांबले, तर दुसरे दुप्पट गतीने फिरते. आमच्या जीपची डावी चाके अशी गरगरत होती ती याचमुळे.

पण मुलीचा प्रश्न गतीचा नव्हता, जोराचा होता. त्यासाठी बैलांकडे वळू. जू मध्यभागी दांडीला एका ठिकाणी बांधलेले असेल, तर ते तराजूच्या दांडीसारखे वागते. एक बैल चिखलात घसरला आणि ओढू शकेना, तर दुसरा कितीही जोरकस असला तरी त्याची बाजू पुढे फिरते. गाडी पुढे जात नाही. मधोमध बांधलेल्या जुवावर दोन्ही बाजूंची ओढ सारखीच असावी लागते. म्हणून अशक्त बैल जितका ओढेल तितकीच सशक्त बैलाची ताकद कामी येते. डिफरन्शियलचा गिअर असेच एक फिरते जू आहे. आतले घर्षण सोडले, तर ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ देते. चिखलातले चाक जेवढा पीळ पेलते, तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो. इंजिनने जोर दिला नाही असे नव्हे. कमी पकड असलेल्या चाकानेच दोघांची मर्यादा ठरवली.

आकडे घालून पाहू. जीप १२०० किलोग्रॅमची, म्हणजे प्रत्येक चाकावर ३०० किलोग्रॅमभार धरू. मुरमावर घर्षणांक ०.६ आणि ओल्या चिखलावर ०.१ समजू. घट्ट जमिनीवरचे चाक १८० पर्यंत ओढू शकते, चिखलातले फक्त ३०. मागच्या आसाला मिळाले ३० अधिक ३०, म्हणजे ६०. पुढच्या आसालाही ६०. एकूण १२०. बाहेर यायला १५० लागत असतील, तर गाडी तिथेच राहणार. चारही चाकांना जोर देणारी गाडी म्हणजे चारही चाकांची पकड वापरणारी गाडी नव्हे, हा धडा आम्ही चिखलात उभे राहून शिकलो.

टाचेखालचे पेडल

आता ट्रॅक्टरच्या त्या पेडलकडे येऊ. पट्ट्यांच्या प्रयोगात पेन्सिल स्वतःभोवती फिरू नये अशी घट्ट धरा आणि पुढे सरकवा. दोन्ही पट्ट्या बरोबरीने सरकतात. हाच डिफरन्शियल लॉक. जू दांडीला दोन्ही अंगांनी आवळून बांधावे तसे हे आहे: ते फिरू शकत नाही, म्हणून सशक्त बैलाची सारी ताकद गाडीला मिळते. आमच्या उदाहरणात मागच्या आसाला लॉक असता, तर त्याची ओढ ६० ऐवजी १८० अधिक ३०, म्हणजे २१० झाली असती, आणि पुढच्या आसाचे ६० धरून एकूण २७०.

परभणीच्या शेतकऱ्याला या पेडलची गरज का पडते ते इथली माती पाहिली की कळते. ही भारी काळी माती मॉन्टमोरिलोनाइटसारख्या खनिजांनी भरलेली असते. पाणी मिळाले की तिचे कण फुगतात, सुकली की हातभर भेगा पडतात. ओली असताना ती टायरच्या खाचांत भरून राहते आणि टायर गुळगुळीत होतो. पेरणीला वाफसा यावा लागतो आणि तो फार दिवस टिकत नाही. त्या मोजक्या दिवसांत ट्रॅक्टर रुतून बसला, तर हंगाम मागे पडतो. शिवाय नांगरताना एक चाक तासात आणि दुसरे वरच्या जमिनीवर चालते. ट्रॅक्टर तिरपा होऊन भार तासातल्या चाकावर जातो आणि वरचे चाक घसरू लागते. तिथे लॉक कामाला येतो.

लॉक नसलेल्या ट्रॅक्टरांसाठीही एक तोड होती. १९४६ मध्ये इंग्लंडात तयार होऊ लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे होते. आजच्या ट्रॅक्टरांनाही ते असतात. धुऱ्यावर झटकन वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबतात. गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक हळूच दाबला, तर त्या चाकाला जास्त पीळ पेलावा लागतो आणि तेवढाच पीळ दुसऱ्या चाकालाही मिळतो. आजच्या महागड्या मोटारींत संगणक जे करतो, ते हेच आहे.

मात्र लॉक ही फुकटची ताकद नव्हे. तो लावून कठीण जमिनीवर वळलात, तर तो २.२ मीटरचा हिशेब पुन्हा समोर येतो. चाके एकमेकांशी भांडतात, आसाचा अर्धा दांडा तुटू शकतो, आणि सुकाणू फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. वाटेच्या कडेला विहीर किंवा नाला असेल तर हा प्रकार जिवावर बेततो. म्हणून वळण्यापूर्वी पेडल सोडायचे, हे ट्रॅक्टर शिकवणारा प्रत्येक जाणता माणूस आधी सांगतो.

आपोआप लागणारे कुलूप

पायाने लावायच्या लॉकमध्ये एक उणीव आहे: लावायचा केव्हा आणि सोडायचा केव्हा हे चालकाने ठरवायचे असते. ते यंत्रानेच ठरवावे, असे प्रयत्न १९३० च्या दशकापासून दिसतात. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांना इतकी ताकद होती की एक मागचे चाक जागीच फिरे. फर्डिनांड पोर्शे यांच्या सांगण्यावरून जर्मनीतल्या झेडएफ कंपनीने १९३५ मध्ये चाकांतला फरक मर्यादित ठेवणारे डिफरन्शियल तयार केले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत 'नोस्पिन' हे दातेरी कुलूप लष्करी ट्रकांत वापरले गेले. त्यात इंजिन जोर देत असताना दोन्ही चाके बांधलेली राहतात. वळणावर बाहेरचे चाक पुढे धावू लागले की तेवढ्या बाजूचे दाते सुटतात. त्याच युद्धातली प्रसिद्ध विलिस जीप मात्र साध्या, बिनकुलपाच्या डिफरन्शियलची होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने तीच जीप जोडायला घेतली आणि पुढे अनेक वर्षे खेड्यापाड्यांत फिरलेल्या सरकारी जीपगाड्या तिच्याच वंशातल्या.

१९७३ मध्ये ईटन या अमेरिकी कंपनीने आणखी एक प्रकार बाजारात आणला. दोन चाकांच्या गतीतला फरक मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांवर गेला, की आतली छोटी वजने केंद्रोत्सारी परिणामाने बाहेर फेकली जातात, एक खटका अडकतो आणि चाके बांधली जातात. गाडीचा वेग ताशी तीसेक किलोमीटरच्या वर असेल, तर खटका अडकत नाही. याच तत्त्वाचे कुलूप २०१५ मध्ये महिंद्रच्या 'थार' गाडीला आले आणि २०२० नंतर नाशिकला बनू लागलेल्या नव्या थारच्या काही प्रकारांतही ते आहे.

यानंतर साहजिकच लोकांची समजूत झाली, की कुलूप आपोआप लागते, मग आता चिखल असो की बर्फ, चिंता नाही. मराठवाड्यातले अनेक तरुण सैन्यात जातात आणि काहींच्या हाती लडाखकडच्या रस्त्यांवर गाडीचे सुकाणू येते. म्हणून ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

झोजीचा बर्फ

काश्मीर आणि लडाख यांच्या मधली झोजी खिंड सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. १९४८ मध्ये ती शत्रूच्या ताब्यात होती. त्या वर्षी शरदात मद्रास सॅपर्सच्या जवानांनी तिथली पायवाट रणगाड्यांना चढता येईल इतकी रुंद केली आणि १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांच्या नेतृत्वाखाली सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे बर्फातून खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील अशी शत्रूची अपेक्षाच नव्हती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या रणगाड्यात एक लक्षणीय गोष्ट होती. वळायचे म्हणून एका बाजूच्या पट्ट्याचा जोर तोडून टाकायचा, तर बर्फाच्या चढावर निम्मी ओढ गेली. स्टुअर्टमध्ये ब्रेक लावून वळवता येणारे डिफरन्शियल होते. एका बाजूला ब्रेक दाबला की तो पट्टा मंदावे आणि दुसरा वेग घेई, पण जोर दोन्हींना मिळत राही. पूर्ण सूटही नाही आणि पूर्ण कुलूपही नाही, असा तो मधला मार्ग होता.

आता बर्फावरच्या चारचाकीचा हिशेब करू. दाबल्या गेलेल्या बर्फावर घर्षणांक ०.२ धरला, तर ३०० किलोग्रॅमभार पेलणाऱ्या चाकाची एकूण पकड ६० झाली. ही पकड पुढे ओढायला आणि बाजूला घसरणे रोखायला, दोन्हींसाठी मिळून असते. पायथागोरसचा सिद्धांत इथे कामी येतो. चाक ४८ इतके पुढे ओढत असेल, तर बाजूसाठी ३६ उरतात, कारण ४८ आणि ३६ यांच्या वर्गांची बेरीज ६० चा वर्ग होते. पण चाक जागीच गरगर फिरू लागले, तर जवळजवळ सगळी पकड पुढच्या दिशेत संपते. बाजूसाठी काहीच उरत नाही.

साध्या डिफरन्शियलची गाडी बर्फावर घसरते तेव्हा बहुधा आसाचे एकच चाक गरगरते. दुसरे गरगरत नाही, त्यामुळे त्याची बाजूची पकड शाबूत राहते आणि ते मागची बाजू जागेवर धरून ठेवते. गाडी पुढे जात नाही, पण दरीकडेही सरकत नाही. आपोआप लागणारे कुलूप असेल, तर एक चाक गरगरू लागताच दुसरेही बांधले जाते. दोन्ही बाजूंना सारखाच बर्फ असेल, तर दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडीचा मागचा भाग रस्त्याच्या उताराकडे घसरत जातो. एक चाक बर्फावर आणि दुसरे उघड्या दगडावर असताना जे कुलूप वरदान ठरते, तेच सलग बर्फावर गाडीला आडवे करू शकते.

यातून बर्फात गाडी चालवण्याचे नियम सरळ निघतात. चारही चाकांचा जोर आधीच जोडावा, रुतल्यावर नव्हे. मोठ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने निघावे, म्हणजे चाक गरगरणारच नाही आणि कुलूप लागण्याची वेळच येणार नाही. फिरते चाक घर्षणाने बर्फाचा वरचा थर वितळवते. ते पाणी पुन्हा गोठले की जागा काचेसारखी होते, म्हणून एकाच जागी चाक फिरवत राहू नये. वळणावर पाय एकदम दाबू नये आणि एकदम उचलूही नये, कारण दातेरी कुलूप लागताना-सुटताना धक्का बसतो. चढावर आणि सलग बर्फावर खरी मदत चाकाला बांधलेल्या साखळ्यांची, कारण त्या पकडच वाढवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुलूप गाडीला हलवायला मदत करते, थांबवायला नाही. उतारावर चौपट ओढणारी गाडीही इतर गाड्यांइतकीच घसरते.

उशिरा दिलेले उत्तर

त्या मुलीला आज भेटलो तर सांगू की पकड जमीन देते, इंजिन नाही. डिफरन्शियल ती पकड दोन चाकांत समान वाटते आणि म्हणून कमी पकडीच्या चाकापाशी अडते. कुलूप ती समानता मोडते आणि चांगल्या चाकाची पकड कामाला लावते, पण वळण्याची आणि बाजूला टिकून राहण्याची किंमत घेऊन. पेकर यांच्यापासून आजपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे अभियंते या दोन टोकांमध्ये ये-जा करत आले आहेत. परभणीच्या त्या तरुणाने पेडल दाबले आणि जीप बाहेर येताच पाय उचलला; दोन्ही टोके त्याला पक्की ठाऊक होती.

शिक्षकांनी एक गोष्ट जरूर करावी. पट्ट्या-पेन्सिलीचा प्रयोग झाल्यावर वर्गात विचारावे, तुमच्या घरच्या किंवा गावातल्या ट्रॅक्टरला हे पेडल कुठे असते आणि वडील, काका ते केव्हा दाबतात? पुस्तकाबाहेरची बरीच उत्तरे मिळतील. त्यांतली काही चुकीचीही असतील. कोणती चूक आणि का, हे मुलांनाच आकडे मांडून ठरवू द्यावे.